तांदळातून काढलेला नंबर

शकू कोळंबेवर लिहितेय म्हटल्यावर ती माझ्यावरच उखडली. "बाई, लिहायला माझ्यात आहे काय? ना मी पुढारी, ना नटी." मी म्हटलं, पुढाऱ्यांवर लिहायला पुष्कळ जण टपलेत, तू गप बस आणि चहा टाक. तिनं चहा टाकला. म्हणजे परवानगी मिळाली, असं मी धरते.

शकू मूळची लोधिवलीची, पदू भोईरांची मुलगी. पदू भातशेती करणारे, सहीच्या जागी अंगठा उठवणारे; पण मुलीला खोपोलीच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि वर टायपिंग शिकवलं. खोपोलीच्याच एका कारखान्यात ती हंगामी टायपिस्ट लागली. त्या कारखान्यात त्याच सुमारास कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड हवेची काचेची खोली, बाहेर चपलांचा ढीग. शकू जाता-येता काचेतून बघायची. एकदा तिथल्या साहेबांनी बघताना पकडलं आणि म्हणाले, "पुण्याचं एक कॉलेज पत्रानं कोर्स चालवतं. डेटाबेसची रचना आणि व्यवस्थापन. त्याचा डिप्लोमा घेऊन ये, या खोलीत तुला खुर्ची देतो."

शकूनं साठवलेल्या पगारातून नाव घातलं. दर महिन्याला पुस्तिकांचं पाकीट घरी यायचं; ती उत्तरं लिहून पाठवायची. डेटाबेस म्हणजे काय, हे आमच्या भागात तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. पदू विचारायचे, "ह्या शिक्षनाचं करतात काय?" ती सांगायची, "बाबा, घरात डबे कसे लावायचे, ते शिकतेय. मागितलं की अंधारातही हाताला लागलं पाहिजे." पदूंना ते पटलं. मलाही नंतर तेवढंच पटलं.

अर्धा कोर्स झाला आणि लग्न ठरलं. शहाऐंशी सालचा वैशाख. मुलगा आमच्या गावचा, गजा कोळंबे. आमचं गाव नेरळच्या अलीकडे, रेल्वेपासून चालत जाण्याइतकं. गजाचा टेंपो, स्वभाव गरीब, घरात शब्द चालायचा तो त्याच्या आईचा, अंबूबाईचा. हंगामी नोकरी लग्नाबरोबर संपली. साहेबांचा शब्द मात्र शिल्लक होता, डिप्लोमापुरता.

लग्नाला मी होते. मी नेरळच्या शाळेत उभी हयात शिकवलं, गावात खोली घेऊन राहिले, लग्न केलं नाही. सगळे मला नुसतं 'बाई' म्हणतात. आमच्याकडे नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात बोटानं तिचं नवं नाव लिहितो. माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर. पूर्वी लिहिता कुणाला येत होतं? तेव्हा ताटावर नुसतं बोलायचे. आता लिहितात. गजानं लिहिलं 'सुरेखा'. गावच्या पोस्टाचं काम बघणारा येसाजी तिथंच होता. त्यानं ताट उचलून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बायका हसल्या, शकूही हसली. त्या वेळी कुणालाच काही खटकलं नाही. मलासुद्धा नाही, आणि मला तर सहसा सगळंच खटकतं.

पंधरवड्यानं ती माझ्या दारात उभी. डोक्यावर पदर, हातात इंग्रजी पुस्तिका. "बाई, हा परिच्छेद समजत नाही."

मला तेव्हा निवृत्त होऊन पाचेक वर्षं झाली होती. दिवसभर वाटाणे सोलायचे आणि रेडिओला उलट उत्तरं द्यायची, एवढंच काम. परिच्छेद वाचला. इंग्रजी समजलं, अर्थ लागला नाही. असं माझ्या बाबतीत फार दिवसांत घडलं नव्हतं. मला रागच आला. म्हटलं, "बस. आज हा सोडवल्याशिवाय उठायचं नाही."

तिथून ती रोज दुपारी येऊ लागली. कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणीच हाताळला नव्हता. आम्ही माझ्या जमिनीवर खडूनं तक्ते काढायचो. प्रत्येक नोंदीला एक चावी, म्हणजे तिची ओळखखूण, हवी. दोन नोंदींना एकच चावी चालत नाही. आणि एकदा दिलेली चावी बदलायची नाही. शेवटी एक वाक्य होतं: चावीला स्वतःचा काही अर्थ नसावा. मी त्याचं झकास मराठी करून दिलं. कळलं दोघींनाही नाही. पुढे गेलो.

पावसाळा सरला तशी शकू यायची कमी झाली. आली तर गप्प. मग एके सकाळी अंबूबाईच आली. अंबूबाई म्हणजे उंच, काटक, हातात कायम विळा असल्यासारखी बोलणारी.

"बाई, तुमी शिकलेल्या. माझ्या सुनंला इचारा, हिला झालंय काय. धड जेवत नाय. मला वाटलं दिवस गेलं. तसंबी नाय."

"तुम्हीच का विचारत नाही?"

"इचारलं. 'काय नाय आत्या' म्हनते. काय नाय म्हनताना डोळं भरतात, मग काय नाय कसं?"

शकूला बोलावलं. ती माझ्यापुढे बसली आणि सासूकडे न बघता बोलली. "बाई, कॉलेजनं माझं नाव काढलं असणार. लग्न झाल्यापासून एक पाकीट नाही. नवा पत्ता कळवला होता. डिसेंबरात प्रॅक्टिकल असतं, पुण्यात. वर्षातून एकदाच. ते चुकलं तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी नव्या सुनेच्या मांडीवर काय असतं, ते तिघींनाही ठाऊक होतं. मग पुणं कुठलं आणि खुर्ची कुठली.

"पोस्टात विचारलंस?"

"हे विचारतात दर आठवड्याला. नाही म्हणतात."

मी चप्पल घातली. अंबूबाई मागोमाग. येसाजीचं किराणा दुकान हेच आमचं पोस्ट. एका बाजूला गूळ, एका बाजूला तिकिटं.

"येसाजी, पुण्याच्या कॉलेजची पाकिटं येतात का गावात?"

"येतात ना. कोन शकुंतला पदू भोईर म्हनून हाय. दर महिन्याला येतं. मी लिवतो, या नावाची बाई या गावात नाय, आन धाडतो परत. सरकारी काम हाय बाई. हयगय नाय."

"अरे, शकुंतला म्हणजे गजाची बायको!"

"गजाची बायको सुरेखा," येसाजी शांतपणे म्हणाला. "मी सोता जेवलोय लग्नात. तांदळातलं नाव वाचून कोनी दाखवलं? मीच."

"आणि गजा विचारायला येतो, त्याचं काय?"

"तो इचारतो, 'आमच्या सुरेखाचं काय आलंय का?' सुरेखाचं काय येत नाय. नाय म्हनून सांगतो. खोटं कशाला बोलू?"

भांडायला तोंड उघडलं, पण भांडू कुणाशी? शकूनं प्रमाणपत्रावरचं नाव लावलं, बरोबर. पत्त्यात 'द्वारा कोळंबे' घालायचं विसरली, एवढीच तिची चूक. गजानं घरातलं नाव विचारलं, तेही बरोबर. येसाजीनं दोघांशी इमानानं वागून पाकिटं परत पुण्याला धाडली.

अंबूबाई तांदळाच्या गोणीवर बसली होती. मग म्हणाली, "माझं नाव ठकी. ठाव हाय तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षांची ओळख.

"माझी आय आजारी पडली तवा मास्तराकडून कागद लिवून घेतला तिनं. 'ठकीला धाडा.' येसाजीच्या बापाकडं आला तो कागद. या गावात ठकी कोन? कोनीच नाय. गेला परत. मी भाताच्या लावनीत होते. आय वाट बगत गेली." ती उठली, पदर झटकला. "येसाजी, माझ्या घरात शकुंतला र्‍हाते. ऐकलंस?"

"मंग सुरेखा?"

"ती बी र्‍हाते. दोगी र्‍हातात. तुला काय जेवाय घालायचं हाय त्यांना?"

नेरळला जाऊन मी पुण्याला ट्रंककॉल लावला. कॉलेजचा माणूस सभ्य होता. सगळ्या परतलेल्या पुस्तिका एका गठ्ठ्यात पुन्हा पाठवतो म्हणाला, प्रॅक्टिकलला बसू देतो म्हणाला. पण येताना प्रकल्प हवा: आपल्या परिसरातल्या एखाद्या खऱ्या गरजेसाठी डेटाबेसची रचना. तो नसेल तर येऊ नका.

शकूच्या डोक्यात आधी कारखान्याचं स्टोअर होतं. मी म्हटलं, ठीक. दुसऱ्या दिवशी आली ती ते फेकून. "बाई, मी गावच्या सुनांचा करते. येसाजीमामांना कळलं पाहिजे, कोणाचं टपाल कोणाच्या घरी द्यायचं."

जमिनीवर तीन तक्ते काढले. एकात बाई, एकदाच. दुसऱ्यात नावं, जिची जितकी असतील तितकी. तिसऱ्यात घरं. तिन्ही जोडायला प्रत्येकीला एक नंबर, हीच चावी.

"नंबर कशाला? नावानं जोड की."

"नावच तर बदलतं, बाई."

मी खडू तिच्या हातात दिला. हे वारंवार होत नाही.

दसऱ्यानंतर अंबूबाईच्या पडवीत बायका जमू लागल्या. दुपारी भांडी घासून यायच्या. पहिल्या दिवशी लाजल्या. दुसऱ्या दिवशी एकीनं सांगितलं, "मी लडकू." हशा झाला. "ही लडकू? हिच्या लाडाचं काय राहिलंय?" मग कमळी निघाली, चांगुणा निघाली, एकीला माहेरी नुसतं काळी म्हणायचे. एकीनं आवाज खाली आणून तीन नावं सांगितली. दुसऱ्या नवऱ्याला दिलेली होती ती. शकूनं वर न बघता तिन्ही लिहून घेतली. त्या तक्त्याची रचना चांगली आहे, हे मला तेव्हा पटलं. त्यात कुणाला लपावं लागत नव्हतं.

घोटाळा नंबरावरून झाला.

"नंबर?" बुधीआजी म्हणाली. गावातली सगळ्यात म्हातारी. "मी काय म्हैस हाय, कानात बिल्ला मारायला?"

त्यावर सगळ्या हसल्या, तोवर ठीक होतं. पण शकूनं कामाच्या भरात आपल्या घरापासून सुरुवात करून एक नंबर सासूला दिला होता. बुधीआजीला ते कळलं.

"मी या गावात आले तवा अंबू परकरात हुती. एक नंबर तिला?"

"माझ्याच पडवीत बसून माझ्याच नंबरावर डोळा?" अंबूबाई उसळली.

"ठेव तुझी पडवी तुला."

दुसऱ्या दिवशी पडवी रिकामी. आमच्याकडे लग्नात आधी हळद कुणी लावायची यावरून दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे पाणी पीत नाहीत. इथं तर आकडे कागदावर. निम्मं गाव लिहायचं राहिलं होतं आणि प्रॅक्टिकल जवळ आलं होतं. शकू माझ्याकडे येऊन पुस्तिका चाळत बसली. मग एकदम थांबली. "बाई, हे बघा. तुम्हीच मराठी केलं होतं. चावीला स्वतःचा काही अर्थ नसावा."

आता दोघींनाही कळलं. बुधीआजीनं समजावलं.

शकूनं सासूला जाऊन सांगितलं, "आत्या, नंबर असा द्यायला पाहिजे की त्यात मान नको आणि अपमान नको."

अंबूबाई भात झोडून आली होती, अंगभर भुसा. म्हणाली, "मग त्यात काय? गावकीचं मटन वाटतात तसं करा. वाटं घालायचं, एकाला पाठमोरं उबं करायचं, आन इचारायचं, ह्यो कोनाचा? तो बोलंल त्याचा. कोनी कुरकुरत नाय." आणि आत जाऊन ताट घेऊन आली. तेच ताट, लग्नातलं. त्यात तांदूळ ओतले, तांदळात नंबरांच्या चिठ्ठ्या पुरल्या. मग स्वतः बुधीआजीच्या दारात गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. दोघी मिळून आल्या, एवढं पाहिलं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावच्या सुनांनी तांदळात हात घातला. एक नंबर भागूबाईच्या सुनेला आला. ती आदल्या आठवड्यातच गावात आली होती, बिचारी घाबरून चिठ्ठी परत टाकायला लागली. बुधीआजी इतकी हसली की तिच्या पाठीवर थापटावं लागलं. अंबूबाईला सदतीस. शकूला अडतीस.

मी भिंतीला टेकून बघत होते. शकूनं ताट माझ्यापुढे धरलं.

"मला कशाला? मी कुणाची सून नाही."

"बाईंचं बरं हाय," अंबूबाई म्हणाली, "त्यांना कोनी तांदळात घातलंच नाय."

"बाहेरून आलेल्या सगळ्या बायकांचा तक्ता आहे, बाई," शकू म्हणाली. "तुम्ही बाहेरूनच आलात ना? घाला हात."

मी घातला. बावीस. चष्म्यावर तांदळाचा भुसा आला होता, तो पुसला.

पुण्याला आम्ही तिघी गेलो. गजा म्हणाला, मी येतो. अंबूबाई म्हणाली, तू टेंपो चालव. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला सांगितल्या, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "देव हाय का आत?" आत हिरव्या अक्षरांचे पडदे होते. शिकवणारे सर तरुण होते. नऊवारी नेसलेली सासू बघून गोंधळले, पण त्यांनी स्टूल आणून दिलं. त्या स्टुलाबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे.

शकूनं पहिल्यांदाच कॉम्प्युटरला हात लावला. टायपिंग येत होतं म्हणून निभावलं. आठवडाभर ती तिथं बसली, खडूनं काढलेले तक्ते एकेक करून आत घातले. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "तुमचा प्रकल्प चालवून दाखवा." तिनं सदतीस टाकलं. पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी उमटल्या.

"आत्या, हे तुम्ही."

अंबूबाई पुढे झुकली. "कुठलं माझं?"

"दोन्ही."

"आदीचं कुठलं?"

"वरचं. ठकी."

अंबूबाईला इंग्रजी सोडाच, मराठीही वाचता येत नव्हतं. तिनं बोट पुढे केलं. सर 'हात लावू नका' म्हणायला निघाले आणि थांबले. तिनं काचेवर त्या ओळीला बोट लावलं, आणि ते बोट कपाळाला लावलं.

निकाल शिमग्याच्या आधी आला. मी अंबूबाईकडे पापड लाटायला बसले होते. म्हणजे ती लाटत होती, मी चुका काढत होते. येसाजी पाकीट घेऊन पडवीच्या खालीच थांबला.

"शकुंतला पदू भोईर कोन?"

"येसाजीमामा, मीच की," शकू धावत पुढे आली.

"नंबर?"

"मामा, द्या ना हो!"

"नंबर सांग. मागच्या खेपेला तुझ्या सासूनं माझी अब्रू काढली, आता तक्त्यात बगितल्याबिगर टपाल देनार नाय." आणि खरंच त्यानं खिशातून शकूनंच करून दिलेली प्रत काढली.

"अडतीस!" आतून अंबूबाई ओरडली. "दे तिला, नायतर हे लाटनं बगितलंस?"

शकूनं पाकीट फोडलं. पास. प्रकल्पाला सरांनी चांगला शेरा दिला होता. तिनं कागद सासूच्या पिठाच्या हातात दिला आणि अंबूबाईनं तो उलटा धरून पूर्ण बघितला. जूनमध्ये शकू खोपोलीच्या त्या काचेच्या खोलीत जाऊन बसली. नेरळहून कर्जत, कर्जतहून खोपोली, गाड्या बदलत रोज जायची. पोर झालं ते अंबूबाईनं सांभाळलं आणि कुणी विचारलं की सांगायची, "सून डबं लावाय जाते." घरात तिला आता शकूच म्हणतात. गजा चुकून सुरेखा म्हणतो तेव्हा ती ओ देते. म्हणते, तीही नोंद आहेच.

ती अजून कधीमधी जाड पुस्तिका घेऊन येते, आता पत्रानं पुढचं काहीतरी शिकतेय. माझे डोळे अधू झालेत, पण डोकं चालू आहे, आणि ते तिनं चालू ठेवलं. वाटाण्यांच्या टोपल्यात मी कधीच कुजून गेले असते. हे तिला तोंडावर सांगितलं तर ती लाजेल आणि मला ते सहन होणार नाही. म्हणून इथं लिहिलं.

येसाजीचं मात्र कठीण आहे. सबंध गावात मी एकटी 'बाई', माझं नाव आयुष्यात बदललेलं नाही, तरी पेन्शनची मनीऑर्डर घेऊन तो दारात उभा राहतो आणि विचारतो, "नंबर?" मी त्याला चार शब्द सुनावते. मग सांगते, "बावीस."